लंकेची निर्यात कोणत्या मापाने मोजायची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींनी मनातल्या मनात सुस्कारा सोडला असेल. एका लहान देशाची मालाची निर्यात क्रयशक्तीच्या हिशेबाने मोजावी की नाही, हा प्रश्न हिशेबनिसांचा आहे, चळवळीचा नव्हे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मोजमापाची पद्धत ठरवणारा मनुष्य बहुधा निष्कर्षही ठरवत असतो, आणि या बाबतीत तर ते विशेषच खरे आहे. गेली काही वर्षे एक युक्तिवाद वारंवार कानांवर येतो. डॉलरच्या बाजारभावाने मोजले तर आपल्यासारखे देश दरिद्री दिसतात, क्रयशक्तीने मोजले तर ते तितके दरिद्री नाहीत. तेव्हा रुपया घसरला म्हणून गळा काढण्याचे कारण नाही. हाच युक्तिवाद थोडा पुढे ओढून काही मंडळी निर्यातीलाही लावतात. तो कुठवर खरा आणि कुठून पुढे खोटा, हे मी श्रीलंकेच्या उदाहरणावरून मांडणार आहे. लंका अशासाठी की तो सव्वादोन कोटींच्या आतबाहेर वस्तीचा देश आहे, त्याची निर्यात मोजक्या वस्तूंची आहे, म्हणून हिशेब डोळ्यांना दिसतो; आणि २०२२ साली तेथे जे घडले त्याने या वादाचा निकाल परिसंवादात नव्हे, पेट्रोलच्या रांगेत लावला.

प्रथम ही क्रयशक्ती-समता म्हणजे काय ते पाहू. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव कासेल यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, हा शब्दप्रयोग रूढ केला. त्यांच्यापुढचा प्रश्न होता, युद्धात विस्कटलेले विनिमयदर पुन्हा कोठे बसवावेत. पुढे १९६८ पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने आणि पेन्सिल्व्हानिया विद्यापीठातील क्रॅव्हिस, हेस्टन, समर्स यांच्या परिश्रमाने देशोदेशींच्या किमतींची तुलना करण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यातील दहा देशांत भारतही होता. कल्पना साधी आहे. कोलंबोतील न्हावी न्यूयॉर्कच्या न्हाव्याइतकेच केस कापतो, पण त्याला मिळणारे पैसे डॉलरमध्ये बदलले तर चिमूटभर भरतात. मग लंकेतील लोक काय खातात-पितात, किती सेवा उपभोगतात, हे मोजताना बाजारातील हुंडणावळीचा दर लावणे अन्यायाचे होईल. दोन्ही देशांतील वस्तू आणि सेवा एकाच किमतींनी मोजल्या पाहिजेत. हे म्हणणे रास्त आहे आणि राहणीमानाच्या तुलनेसाठी हे माप अवश्य वापरावे.

या हिशेबाने काय फरक पडतो? २०२१ साली बाजारदराने लंकेचे दरडोई उत्पन्न सुमारे चार हजार डॉलर होते. क्रयशक्तीने मोजता ते चौदा हजारांच्या आसपास जाते. म्हणजे ढोबळ मानाने साडेतीनचा गुणक. आता हा गुणक येतो कोठून? बलासा आणि सॅम्युएल्सन यांनी १९६४ साली आणि आपल्या मुंबईत जन्मलेल्या जगदीश भगवतींनी १९८४ साली, आपापल्या वेगळ्या वाटांनी, याची मीमांसा केली. तपशील निराळे असले तरी गाभा एक आहे: गरीब देशात सेवा स्वस्त, कारण तेथे श्रम स्वस्त. एवढे वाक्य लक्षात ठेवा. साडेतीनचा गुणक हे काही दडलेल्या संपत्तीचे माप नाही, त्यात मोठा भाग मजुरीच्या स्वस्ताईचा आहे.

आता निर्यातीकडे वळू. २०२१ साली लंकेने सुमारे साडेबारा अब्ज डॉलरचा माल परदेशी पाठवला. त्यात पाच अब्जांहून अधिक तयार कपडे आणि कापडी वस्तू, सव्वा अब्जाहून थोडा अधिक चहा, शिवाय रबरी वस्तू, नारळाचे पदार्थ, मसाले वगैरे. या आकड्याला साडेतीनने गुणले की चव्वेचाळीस अब्ज होतात. ऐकायला गोड वाटते. पण त्याच वर्षी लंकेची आयात साडेवीस अब्जांच्या घरात होती. निर्यातीला गुणक लावून आयातीला लावला नाही, तर आठ अब्जांच्या तुटीचा देश एका गुणाकाराने तेवीस अब्जांच्या वाढाव्याचा देश होतो! दोन्ही बाजूंना लावला, तर तूट अठ्ठावीस अब्जांची होते, आणि एवढी तूट कोणत्याही सावकाराच्या वहीत कधी लिहिली गेली नाही. स्वित्झर्लंडसारख्या महागड्या देशाचा गुणक एकाहून कमी. म्हणजे त्याची घड्याळे आणि औषधे कागदावर आक्रसतील. आणि प्रत्येक देशाने आपापला गुणक लावला तर जगाची एकूण निर्यात आणि एकूण आयात यांचा मेळच बसणार नाही. एकाने विकलेला माल दुसऱ्याने विकत घेतलेला असतो, ही साधी गोष्ट या गणितात हरवते.

हे मी काही नवे सांगत नाही. किमतींच्या तुलनेचा जो आंतरराष्ट्रीय उपक्रम मघाशी सांगितला, त्याच्या कर्त्यांनीच आयात-निर्यातीच्या शिलकेला क्रयशक्तीचा गुणक न लावता बाजारातील विनिमयदरच लावला आहे. ज्यांनी हत्यार घडवले त्यांना ते कोठे चालत नाही हे ठाऊक होते. घोटाळा केला तो पुढच्या वापरणाऱ्यांनी.

याच हत्याराचा उलटा वापरही होतो, आणि तो अधिक सावधपणे पाहिला पाहिजे. निर्यात बाजारदराच्या डॉलरमध्ये ठेवायची आणि तिला भागायचे मात्र क्रयशक्तीने मोजलेल्या राष्ट्रीय उत्पन्नाने. देश किती 'खुला' आहे हे ठरवण्यासाठी असे गुणोत्तर काही अभ्यासकांनी वापरले आहे. अल्काला आणि चिकोने यांचा २००४ सालचा निबंध त्यातला प्रसिद्ध. शास्त्रीय चर्चेपुरते त्याला स्थान असेल. पण परिणाम पाहा. २०२१ साली लंकेची मालनिर्यात बाजारदराने राष्ट्रीय उत्पन्नाच्या चौदा टक्के होती. या रीतीने ती चार टक्क्यांवर येते. मग सल्लागार म्हणायला मोकळे की हा देश फारच बंद दरवाज्याआड बसला आहे, आणखी दारे उघडा. वास्तविक २००० साली हेच प्रमाण बाजारदराने तेहतीस टक्क्यांच्या जवळ होते आणि पुढील दोन दशकांत ते निम्म्याहून खाली आले, ही खरी चिंतेची बाब आहे. तिच्यासाठी कोणत्याही गुणकाची गरज नाही. तात्पर्य, अंशाला गुणले की शेखी मिरवता येते, छेदाला गुणले की दटावता येते, गुणक तोच.

आता २०२२ साल. २०१९ च्या अखेरीस साडेसात अब्ज डॉलरच्या वर असलेली परकीय चलनाची गंगाजळी २०२१ अखेर तीन अब्जांवर आली होती. महासाथीने पर्यटन बसले, परदेशांत राबणाऱ्या लंकावासीयांनी घरी पाठवलेला पैसा अधिकृत मार्गाने येईनासा झाला, २०१९ च्या करकपातीने सरकारी तिजोरी आधीच पोकळ झाली होती, आणि २०२१ च्या वसंतात रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घालून राज्यकर्त्यांनी शेतीही अडचणीत आणली. मार्च २०२२ मध्ये छपाईचा कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातील शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. तेरा-तेरा तास वीज नव्हती. इंधनाची जहाजे कोलंबोच्या किनाऱ्याबाहेर पैशांची वाट पाहत उभी होती. १२ एप्रिल रोजी सरकारने परकीय कर्जाची फेड थांबवल्याचे जाहीर केले आणि जुलैत राष्ट्राध्यक्षांना देश सोडून पळावे लागले.

त्या वेळी क्रयशक्तीच्या तक्त्यात लंका मध्यम उत्पन्नाचा बऱ्यापैकी सुस्थित देश होता. त्या तक्त्यातील डॉलरला 'आंतरराष्ट्रीय डॉलर' म्हणतात. नाव फसवे आहे. आंतरराष्ट्रीय व्यवहारात एवढा एकच डॉलर असा आहे की तो कोणी घेत नाही. जहाजाच्या कप्तानाला तो देता येत नाही. आणखी एक विचित्र गोष्ट पाहा. मार्चच्या आरंभी डॉलरला दोनशे रुपये पडत होते, मे महिन्यात तीनशे साठ. रुपया असा कोसळला आणि देशातल्या किमती त्याच्यामागून, थोड्या उशिराने, चढू लागल्या. म्हणजे सुरुवातीच्या त्या महिन्यांत तरी क्रयशक्ती आणि बाजारदर यांतील अंतर, अर्थात आपला गुणक, कमी न होता वाढला. गुणाकाराने मोजणाऱ्याच्या वहीत देशाची निर्यात फुगत होती, आणि रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाती रिकामा डबा होता.

मग निर्यातीच्या क्रयशक्तीला काही अर्थच नाही काय? आहे, आणि चांगला आहे. फक्त तो अर्थ निराळा. निर्यातीतून मिळालेल्या पैशात बाहेरून किती माल आणता येतो, हा तो अर्थ. निर्यातीचे मूल्य घ्यावे आणि त्याला आयातीच्या किमतींच्या निर्देशांकाने भागावे. प्रेबिश आणि सिंगर यांनी १९५० साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कच्चा माल विकणाऱ्या देशांच्या व्यापारशर्ती दीर्घकाळात खालावत जातात असे प्रतिपादन केले, तेव्हापासून हा विचार आपल्या परिचयाचा आहे. पुढे प्रेबिश ज्या संस्थेचे पहिले महासचिव झाले, त्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेच्या तक्त्यांत हा निर्देशांक असतो. दुर्दैवाने त्याचेही नाव 'निर्यातीची क्रयशक्ती' असेच आहे, आणि नामसाधर्म्यामुळे भल्याभल्यांची गल्लत होते.

लंकेच्या इतिहासात याचे एक लख्ख उदाहरण आहे. कोरियन युद्धाच्या काळात रबराचा भाव आधी चढला, मग कोसळला; तांदूळ मात्र महाग आणि दुर्मिळ. तेव्हा डिसेंबर १९५२ मध्ये सिलोनने चीनशी पाच वर्षांचा करार केला: वर्षाला पन्नास हजार टन रबर द्यावयाचे आणि दोन लाख सत्तर हजार टन तांदूळ घ्यावयाचा. भाव वेगळे ठरत असले तरी एका टन रबरामागे साडेपाच टनांच्या जवळपास तांदूळ असा त्याचा ढाचा होता. अमेरिकेची नाराजी पत्करून हा करार करणारे सरकार समाजवाद्यांचे नव्हते. ते डडली सेनानायकांचे, पक्के उजव्या विचाराचे होते. रबराच्या निर्यातीची क्रयशक्ती म्हणजे तांदूळ, हे त्यांना कोणत्या तक्त्यातून शिकावे लागले नाही. सत्तर वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, त्याच देशाने इराणच्या जुन्या तेलाचे पंचवीस कोटी डॉलरचे देणे दरमहा पन्नास लाख डॉलरचा चहा पाठवून फेडण्याचे ठरवले.

चहाचाच हिशेब पुढे नेऊ. २०२१ साली निर्यात झालेल्या एक किलो चहाला सरासरी साडेचार डॉलरहून थोडे अधिक मिळाले, आणि खनिज तेलाचा पिंपाचा सरासरी भाव सत्तर डॉलरच्या आसपास होता. म्हणजे एका पिंपासाठी पंधरा किलो चहा. २०२२ साली चहा पाच डॉलरवर गेला, पण तेल शंभरावर. एका पिंपासाठी वीस किलो. शिवाय खताच्या बंदीने उत्पादन तीस कोटी किलोंवरून पंचवीस कोटींवर आलेले. चहाचा भाव वाढला म्हणून आनंद मानणाऱ्याने ही दोन वाक्ये शेजारी ठेवावीत.

तयार कपड्यांबाबत आणखी एक पथ्य पाळावे लागते. गारमेंटच्या निर्यातीतले बरेचसे कापड, धागा, बटणे, चेन बाहेरून येतात; कापडाची आयात वजा केली की पाच अब्जांतले निम्मे किंवा त्याहून कमीच देशात उरते. शर्टावर 'श्रीलंकेत तयार' असे लिहिलेले असते, प्रत्यक्षात तेथील फक्त शिवण. अशा एकूण आकड्याला साडेतीनने गुणणे म्हणजे चिनी कापडालाही लंकेच्या स्वस्ताईने गुणणे.

आणि बाजारदर तरी एकच असतो असे कोठे आहे? मे १९६८ ते नोव्हेंबर १९७७ या काळात लंकेत दोन दर होते. परकीय चलनाच्या हक्कपत्रांची एक योजना होती. चहा, रबर, नारळ या जुन्या निर्यातीचे पैसे अधिकृत दराने मिळत, इतर निर्यातीचे त्याहून चढ्या दराने. तांदूळ, पीठ, साखर अधिकृत दराने येत, चैनीचा माल चढ्या दराने. म्हणजे मळ्यांवर एक अप्रत्यक्ष कर आणि शिध्यावर एक अप्रत्यक्ष साहाय्य. १९७० ते १९७५ या काळात अर्थमंत्री असलेले लंका समसमाज पक्षाचे एन. एम. परेरा यांनी ही योजना चालू ठेवली. (हेच परेरा १९४२ साली कँडीच्या तुरुंगातून निसटून हिंदुस्थानात आले आणि पुढील वर्षी मुंबईत भूमिगत असताना पकडले गेले, जुन्या कार्यकर्त्यांना ही हकीकत ठाऊक असेल.) त्या दशकातील लंकेच्या निर्यातीचा आकडा रुपयांतून डॉलरमध्ये नेताना कोणता दर घेतला हे सांगितले नाही, तर तो आकडा वाचू नये.

आता मी मूळ मुद्द्याशी येतो. निर्यात मोजताना ज्याची मजुरी स्वस्त म्हणून गुणक निर्माण झाला, तो मनुष्य या सगळ्यात कोठे आहे? लंकेच्या चहामळ्यांत राबणारे बहुसंख्य लोक ब्रिटिशांच्या काळी दक्षिण भारतातून नेलेल्या तमिळ मजुरांचे वंशज. १९४८ च्या कायद्याने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले, १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराने त्यांची दोन देशांत वाटणी केली, जणू तीही मालाचीच खेप होती. मार्च २०२१ मध्ये, दीर्घ लढ्यानंतर, त्यांची रोजची किमान मजुरी एक हजार रुपये झाली. त्या वेळच्या दराने पाच डॉलर. मळ्यावर दिवसाला अठरा किलोंच्या आसपास पाला खुडण्याचा दंडक असतो. साडेचार किलो पाल्याचा एक किलो चहा होतो. म्हणजे एका बाईच्या एका दिवसाच्या खुडणीतून चार किलो चहा, आणि बंदरावर त्याचे अठरा डॉलर. मजुरीचा वाटा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक. पुढील वर्षी मे महिन्यात तेच हजार रुपये पावणेतीन डॉलरचे झाले, आणि त्याच चार किलोंचे वीस डॉलर. वाटा सातव्या हिश्शावर आला.

हा हिशेब ढोबळ आहे हे मी मान्य करतो. कारखाना, जळण, वाहतूक, दलाली हे खर्च त्यात आहेत, खत-इंधन मळेवाल्यांनाही डॉलरच्या भावाने महागले. आणि लंकेचा दोन-तृतीयांशाहून अधिक चहा आज मळ्यांवर नव्हे तर छोट्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर पिकतो. तरीही दिशा स्पष्ट आहे. अवमूल्यनाने निर्यातीचा डॉलर जागच्या जागी राहिला आणि त्यातील मजुराचा तुकडा लहान झाला. हे दिसते ते बाजारदराच्या डॉलरमध्ये मोजल्यामुळे. क्रयशक्तीचा गुणक लावणारा म्हणेल, पावणेतीन डॉलर दिसतात खरे, पण त्यांची देशातील क्रयशक्ती पुष्कळ अधिक आहे, एवढे मनाला लावून घेऊ नका. पण कोणाच्या टोपलीच्या हिशेबाने? सरासरी टोपलीत घरभाडे आहे, न्हावी आहे, शिकवणी आहे, मोलकरीण आहे. मळ्यावरच्या बाईच्या टोपलीत गव्हाच्या पिठाची रोटी आहे, आणि लंकेत गहू पिकत नाही. दुधाची भुकटी मुख्यतः बाहेरची, रॉकेल बाहेरचे, औषध बहुतांशी बाहेरचे. तिची टोपली सरासरीपेक्षा डॉलरच्या अधिक जवळ आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोच्या निर्देशांकाप्रमाणे महागाई सत्तर टक्क्यांच्या जवळ आणि खाद्यवस्तूंची पंच्याण्णव टक्क्यांच्या जवळ होती. गरिबाला स्वस्ताई मिळते असे सांगणारा गुणक गरिबाच्याच टोपलीला सर्वांत कमी लागू पडतो.

येथे आपल्याच गोटातील एका मताचाही समाचार घेतला पाहिजे. अर्घिरी इमॅन्युएल यांनी १९६९ साली असमान विनिमयाचा सिद्धांत मांडला, समीर अमीन यांनी तो वाढवला. मजुरी कमी असलेला देश आपले श्रम अधिक देऊन दुसऱ्याचे श्रम कमी घेतो, हे त्याचे सार, आणि ते मला पटते. पण पुढे काही अभ्यासकांनी हाच क्रयशक्तीचा गुणक गरीब देशांच्या निर्यातीला लावून, गुणाकार आणि मूळ आकडा यांतील फरक म्हणजे श्रीमंत देशांनी नेलेली लूट, असा हिशेब केला. लंकेपुरते म्हणायचे तर चव्वेचाळीसातून साडेबारा वजा, बाकी साडेएकतीस अब्ज लुटले गेले. घोषणेला हा आकडा फार सोयीचा आहे. मी तो वापरू नये असे म्हणेन. जो गुणक सरकारच्या हाती खोटा, तो आपल्या हाती खरा होत नाही. त्या फरकात उत्पादकतेची तफावत आहे, बाहेरून आणलेले कापड आहे, आणि न्हाव्याची स्वस्त कात्री आहे, जी कधी निर्यात झालीच नाही. त्यातली लूट किती, हे वेगळे काढायचे तर वस्तूवार, श्रमाच्या तासांनिशी, कोणत्या टप्प्यावर कोणी किती घेतले हे शोधावे लागते. ते कष्टाचे काम आहे. शिवाय त्या एकरकमी आकड्यात कोलंबोचा मळेवाला आणि मळ्यावरची बाई दोघेही 'लुटला गेलेला देश' म्हणून एकाच बाजूला उभे राहतात. मे २०२२ मध्ये ते एका बाजूला नव्हते, हे आपण आताच पाहिले.

म्हणून कामगार संघटनांनी मजुरीच्या वाटाघाटीत क्रयशक्तीचा तक्ता समोर आला तर तो बाजूला सारावा आणि तीन आकडे मागावेत: एक किलो चहाला बंदरावर किती डॉलर मिळाले, त्या दिवशी डॉलरचा दर काय होता, आणि एक किलो गव्हाच्या पिठाला मळ्याच्या दुकानात किती रुपये पडले. पहिले दोन आकडे लिलावाच्या आणि मध्यवर्ती बँकेच्या पत्रकांत छापलेले असतात. तिसरा मळ्यावरच्या कोणत्याही बाईला विचारावा.